टेपपट्टीला न दिसलेले २१ किलो

विदगावचा तापीवरचा पूल ओलांडून चोपड्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. डांबर वरून बरं दिसतं, पण त्याच्या पोटात काळी कापसाची जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि दोन-चार वर्षांत वरचा रस्ता लाटालाटांचा होतो. केळीच्या ट्रकांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या बुटक्या पोर्शे बॉक्स्टर गाडीला वाटायचं. धानोऱ्याच्या अलीकडे एका लांबट डाव्या वळणावर, काटा साठच्या आसपास असताना, गाडी लाटेच्या खोलगट भागात बसली, खालून ‘ठक्’ असा कोरडा आवाज आला आणि मागचा भाग वीतभर बाहेर सरकला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय हिसक्याने काढला नाही, म्हणून ती सावरली. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असतं. वळणात एकदम पाय उचलला की वजन पुढे पळतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते.

त्या संध्याकाळी गाडीच्या उंचीचा विषय मी पहिल्यांदा मनावर घेतला.

गाडी पोर्शे बॉक्स्टर, ९८७ या पिढीची, २.७ लिटरची. दोन सीटची, कापडी छपराची. पुण्याहून जुनी घेतली. आधीच्या मालकाने कंपनीचे शॉकॲब्सॉर्बर काढून कॉइलओव्हर बसवून घेतले होते. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकच्या अंगावरच चढवलेली असते आणि शॉकच्या बाहेरच्या नळीला आटे असतात. त्या आट्यांवर एक रिंग फिरते आणि स्प्रिंग त्या रिंगवर टेकते. रिंग वर घेतली की गाडी उंच, खाली घेतली की गाडी बुटकी. पुण्यात ज्या गॅरेजने हे काम केलं त्यांनी रिंगा जवळपास तळाला नेऊन ठेवल्या होत्या. कंपनीच्या उंचीपेक्षा गाडी साधारण ४५ मिलिमीटर खाली. चाकं मडगार्डमध्ये शिरलेली, गाडी जमिनीला चिकटलेली. दिसायला ती फार देखणी होती, आणि मलाही ती तशीच आवडली होती.

जळगावात आल्यावर पहिली अडचण गतिरोधकांची झाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. तसा असेल तर बुटकी गाडीही तिरपी घालून निघून जाते. पण आपल्याकडे गावोगावी शाळेसमोर, देवळासमोर लोकांनी स्वतः घातलेले अरुंद आणि उभे उंचवटे असतात. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २४१५ मिलिमीटर अंतर आहे. अशा उंचवट्यावर पोट घासायचं ते त्या मधल्या भागात. पोट घासणं मी तीन महिने सहन केलं. धानोऱ्याचं वळण मात्र सहन करण्यासारखं नव्हतं.

माझं एमआयडीसीत टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. मोजमाप माझ्या रोजच्या हाताखालचं, पण गाडीच्या खाली झोपणं नाही. म्हणून अंमळनेरहून नानांना बोलावलं. नानांनी चाळीस वर्षं जीप, ॲम्बॅसेडर आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. अशी गाडी त्यांनी कधी उघडली नव्हती. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर दिला. गाडी दबलीच नाही म्हणावं इतकी कमी दबली. ते म्हणाले, “भाऊ, हाई गाडीना पाय पोटमा शेतस. ती पयी कशी?”

गाडीचे पाय पोटात गेलेत, ती पळणार कशी? हेच खरं निदान होतं. पुढचे चार दिवस आम्ही फक्त त्याची आकड्यांत खात्री केली.

मागचं चाक काढलं, शॉकचा चकचकीत दांडा पुसला आणि त्यावर एक बारीक केबल टाय घट्ट आवळला. चाक लावून गाडी जमिनीवर ठेवली आणि पाहिलं. दांडा खाली जाऊन बम्प स्टॉपला, म्हणजे शॉकची हालचाल जिथे संपते तिथल्या रबरी अडथळ्याला, टेकायला फक्त १३ मिलिमीटर जागा उरलेली होती. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच चाकाला वर सरकायला बोटाच्या जाडीएवढी वाट. लाटेत गाडी बसली की दांडा लगेच बम्प स्टॉपवर आदळणार. स्प्रिंगचा विरोध हळूहळू वाढत जातो, बम्प स्टॉपचा एकदम. वळणात बाहेरच्या मागच्या चाकाचा सस्पेन्शन एकाएकी दगडासारखा झाला की टायर डांबरावरची पकड सोडतो. ‘ठक्’ आवाज आणि वीतभर सरकणं, दोन्हींचा उलगडा त्या १३ मिलिमीटरमध्ये होता.

दुसरी गोष्ट नजरेला दिसत होती, ती नानांनी बोट ठेवून दाखवली. या गाडीला चारही कोपऱ्यांवर मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब आणि खाली चाकाला धरणारा एक आडवा दांडा, लोअर आर्म. हा लोअर आर्म कंपनीच्या उंचीला चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी खूप खाली आणली की तो आडवा होतो आणि आणखी खाली आणली की चाकाकडचं टोक वर उचललं जातं. आमच्या गाडीत तसंच झालं होतं. वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. आर्म असा उलटा झाला की तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली उतरतो, दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडीला कलंडवणारा जोरही वाढतो. गाडी खाली आणल्याने ती वळणात कमी कलेल अशी सगळ्यांची समजूत असते. एका मर्यादेपर्यंत ती बरोबर आहे. मर्यादा ओलांडली की याच रचनेत उलटा परिणाम सुरू होतो, आणि तो लपवायला मग लोक आणखी कडक स्प्रिंगा घालतात. मला ते पटत नाही.

ठरलं असं की गाडी पुढून २४ आणि मागून २२ मिलिमीटर उचलायची. कंपनीपेक्षा ती तरीही साधारण २० मिलिमीटर खालीच राहणार होती. नाक शेपटीपेक्षा किंचित खाली ठेवायचं.

सांगायला सोपं, पण पहिला दिवस रिंगांनीच खाल्ला. आट्यांत धूळ, ब्रेकची काळी भुकटी आणि गंज असा थर बसला होता. रिंगा ॲल्युमिनियमच्या. हातोडी-छिन्नीने ठोकल्या तर खाचा तुटणार. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवलं, सकाळी पितळी ब्रशने एकेक आटा साफ केला. बाजारात मिळालेला हुक पाना खाचेत नीट बसेना, म्हणून ८ मिलिमीटरच्या पट्टीतून आम्हीच दोन कापले आणि टोकाला रिंगेच्या गोलाईचा आकार दिला. त्यानंतर मात्र रिंगा हलल्या. आधी स्प्रिंगच्या रिंगेला जागेवर आवळून धरणारी दुसरी रिंग, म्हणजे लॉक रिंग, सोडायची, मग स्प्रिंगची रिंग फिरवायची, आणि हे सगळं चाक लटकतं असताना, स्प्रिंगवर भार नसताना. भाराखाली फिरवली तर आटे कुरतडले जातात. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, उभी होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर नाना कुणालाही गाडीखाली जाऊ देत नाहीत.

एक आटा २ मिलिमीटरचा. पुढे बारा फेरे, मागे अकरा. मार्करने रिंगेवर आणि नळीवर खुणा करून मोजले, कारण हाताने मोजताना फेरा चुकतोच. याच वेळी लक्षात आलं की चार रिंगांच्या मूळच्या जागा एकमेकींशी जुळत नव्हत्या. पुढची डावी उजवीपेक्षा कितीतरी वर. तरीही मडगार्डची उंची चारही बाजूंना टेपने मोजली होती तेव्हा ती जवळपास सारखी भरली होती. हे कोडं आम्ही तसंच बाजूला ठेवलं.

एक बारीक गोष्ट इथे सांगतो, कारण ती बऱ्याच ठिकाणी सुटते. उंची बदलल्यावर लोअर आर्मच्या बुशांचे, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी नळकांड्यांचे, बोल्ट सैल करायचे आणि गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायचे. चाक लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो. गाडी जमिनीवर आली तरी तो आपलं बळ लावत राहतो, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतो. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, तेही याच वेळी बघून घेतलं. उंची आम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजत होतो. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते.

आता कोड्याकडे. चार पायांची खाट उंचसखल जमिनीवर ठेवली की ती दोन कोपऱ्यांवर तोलून राहते, उरलेले दोन पाय नावापुरते टेकतात. वरून बघणाऱ्याला खाट सरळच दिसते. गाडीचंही तसंच होतं. सांगाडा ताठ असतो, त्यामुळे तिरपे दोन कोपरे जास्त भार घेत असले तरी मडगार्डची उंची बदलत नाही. हा फरक टेपला दिसत नाही, वजनकाट्याला दिसतो.

रेसिंगवाले यासाठी चार काट्यांचा खास संच वापरतात. आमच्या शेजारी दाळमिल आहे. तिथून दोन आणि पलीकडच्या मिलमधून दोन, असे ५०० किलोचे चार इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे एका रविवारी आणले. मिलच्या शेठजींनी कशाला म्हणून विचारलं, गाडीचं वजन करायचं म्हटल्यावर ते स्वतःच बघायला आले आणि दुपारपर्यंत थांबले. आधी तेच ते ५० किलोचं माप चारही काट्यांवर ठेवून ते एकसारखं दाखवतात का ते तपासलं. एक काटा २०० ग्रॅम जास्त दाखवत होता, त्याची नोंद केली. मग गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही काट्यांचे माथे एका पातळीत आणले. जमीन एका कोपऱ्यात ७ मिलिमीटर खाली होती, तिथे लोखंडी पट्ट्या कापून घातल्या. पातळी चुकली तर काट्यांवरचे आकडे खोटे. प्रत्येक काट्यामागे तेवढ्याच उंचीचा लाकडी ओटा केला, म्हणजे गाडी मागे ओट्यांवर ढकलून पुन्हा पुढे काट्यांवर आणता येईल. प्रत्येक टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले पत्र्याचे दोन तुकडे, कारण टायर जागीच अडून बसला तर सस्पेन्शन मोकळं बसत नाही. डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा म्हणजे अँटी-रोल बार, त्याच्या लिंका सोडून ठेवल्या. टाकीत अर्धं पेट्रोल, टायरची हवा थंड असताना भरलेली, ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाएवढी ७२ किलोची हरभऱ्याची आणि तूरडाळीची पोती.

पहिले आकडे असे आले. पुढचं डावं ३४२, पुढचं उजवं ३१२, मागचं डावं ३५६, मागचं उजवं ४१०. एकूण १४२० किलो. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ७५२, दुसरी तिरपी जोडी ६६८. म्हणजे ५३ आणि ४७ टक्के. दोन्ही जोड्या समान असायला हव्या होत्या, ७१० आणि ७१०. प्रत्येक कोपऱ्यावर २१ किलोची चूक.

मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसलो. गाडी डाव्या वळणात मागून सुटायला बघायची आणि उजव्या वळणात तिचं नाक बाहेर ओढायचं. जोरात ब्रेक मारला की पुढच्या उजव्या चाकाचा एबीएस आधी थरथरायचा. हे सगळं मला तीन महिने जाणवत होतं आणि मी ते रस्त्यावर, टायरवर, कधी स्वतःच्या हातावर ढकलत होतो. ते सगळं त्या चार आकड्यांत लिहिलेलं होतं. पुढचं उजवं चाक हलकं, म्हणून ते आधी सरकणार. डाव्या वळणात मागची बाहेरची बाजू आधीच भरलेली, म्हणून ती आधी सुटणार.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. रिंगा फिरवून पुढचं-मागचं वजन बदलत नाही, डावं-उजवंही बदलत नाही. ६५४ पुढे आणि ७६६ मागे, ६९८ डावीकडे आणि ७२२ उजवीकडे, या बेरजा शेवटपर्यंत तशाच राहतात. बदलते ती तिरपी वाटणी. एक कोपरा उचलला की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्यावर वजन वाढतं, बाकी दोघांवर तेवढंच घटतं. पुढच्या डाव्याची रिंग दोन फेरे खाली घेतली तेव्हा प्रत्येक काट्यावर साधारण साडेचार किलोंचा फरक पडला. सगळा फरक एकाच कोपऱ्यावर काढला असता तर गाडीची उंची बिघडली असती. म्हणून चौघांत वाटून घेतलं. पुढचं डावं आणि मागचं उजवं थोडं खाली, उरलेली दोन तेवढीच वर. प्रत्येक वेळी गाडी उचला, चाक काढा, फिरवा, लावा, उतरवा, चारदा दाबा, मागे-पुढे ढकला, मग आकडे वाचा. नऊ वेळा केलं. चाकाचे बोल्ट दर वेळी १३० न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने. शेवटी आलं ते असं. ३२३, ३३१, ३७५, ३९१. जोडी ५०.३ टक्के. दिवेलागण झाली होती. आणखी अर्ध्या फेऱ्याने कदाचित अचूक ५० आलं असतं, पण माझ्या शेजारी कधी कुणी बसतं, कधी टाकी भरलेली असते. तिथे थांबणं योग्य होतं.

अँटी-रोल बारच्या लिंका परत लावताना बोल्ट हाताने सहज आत जायला हवा. ओढून लावला तर बार पिळला जातो आणि काट्यांवर केलेली सगळी मेहनत वाया जाते. एका बाजूची लिंक आम्हाला लांबीत थोडी जुळवावी लागली.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना ओळंब्याचा दोरा समांतर ताणून आम्ही टो, म्हणजे चाकं वरून बघताना किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, जुळवून घेतला, तो अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरता. पहिल्या दुकानात फक्त पुढचा टो फिरवला आणि मागची चाकं ‘ओके’ आहेत म्हणून कागद हातात दिला. त्याच कागदावर मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत-बाहेर कललेला कोन, उणे २.६ अंश (आत कललेला) छापलेला होता. मागचे टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले होते ते त्यामुळेच. मी बोललो, त्यांनी ऐकलं नाही, मी पैसे देऊन निघालो. दुसऱ्या ठिकाणी मिस्त्रींनी पोती सीटवर ठेवू दिली आणि तीन तास दिले. पुढे कॅम्बर उणे १.२, मागे उणे १.७, मागच्या चाकांना थोडा टो-इन. मागची चाकं किंचित आत बघत असली की मधल्या इंजिनाची गाडी वळणात शांत राहते. हेडलाइटचा झोतही तिथेच भिंतीवर पाडून खाली घेतला, कारण उंची वाढल्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जात होता.

पुढच्या रविवारी पहाटे नानांना शेजारी बसवून निघालो. चोपडा, शिरपूर, शहादा आणि वर तोरणमाळ. डिसेंबर होता, अडावदच्या पुढे धुकं केळीच्या पानांवर उतरलेलं. धानोऱ्याचं ते वळण मी मुद्दाम त्याच साठच्या वेगाने घेतलं. गाडी लाटेत उतरली, दबली, दम घेतल्यासारखी क्षणभर थांबली आणि वर आली. आवाज नाही. स्टेअरिंग हातात तसंच. नाना काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त दारावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

शहाद्यानंतर सातपुडा समोर येतो आणि सातपायरी घाटात वळणामागून वळणं लागतात. डावं, उजवं, डावं. मला हीच जागा हवी होती. गाडी दोन्हीकडे सारखी वळत होती. उजव्या वळणात नाक बाहेर ओढत नव्हतं, डाव्यात शेपूट सुटायला बघत नव्हती. वेग काही मोठा नव्हता, त्या घाटात तो असूही नये. पण तीस-चाळीसच्या वेगातही हातांना कळतं की चारही चाकं आपापला वाटा उचलताहेत. कधीपासून मी या गाडीबरोबर थोडा बिचकून राहत होतो. त्या चढावर ते बिचकणं गेलं.

यशवंत तलावाजवळ गाडी थांबवली, मागचं चाक काढलं आणि केबल टाय बघितला. उभ्या गाडीत आता बम्प स्टॉपपर्यंत ३५ मिलिमीटर जागा होती आणि जळगावपासूनच्या सगळ्या रस्त्यात टाय सरकून बम्प स्टॉपपासून ९ मिलिमीटरवर थांबला होता. दांडा एकदाही टेकला नव्हता. नाना वाकून बघत म्हणाले, “आते चारी पाय जमिनवर शेतस.”

सहाशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजलं. पुढची डावी स्प्रिंग २ मिलिमीटर बसली होती, एक फेरा वर घेतला. काटे मिलला परत गेले आहेत, पण पाण्याच्या नळीने काढलेल्या पातळीच्या चार खुणा वर्कशॉपच्या फरशीवर रंगवून ठेवल्या आहेत. पावसाळा उलटून काळी जमीन पुन्हा आकसली की गाडी त्याच खुणांवर उभी करणार आहे.